एचजीटी, इन्सुलिन आणि जेवणाचे ताट : दोन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग, आणि
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : नांदेड व लातूरच्या सरकारी रुग्णालयांत दाखल रुग्णांना इन्सुलिन देण्याची एकसारखी, लेखी पद्धत सुरू करण्याबाबत.

महोदय,


मी मराठवाड्यातल्या सरकारी रुग्णालयांत अधिपरिचारिका म्हणून नोकरीला लागले आणि परिसेविका म्हणून निवृत्त झाले. हे पत्र आपल्या दोघांना मुद्दाम एकत्र लिहिते आहे. विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था एका खात्याकडे आहेत. किनवट, देगलूर, उदगीर, निलंगा इथली तालुक्याची रुग्णालये दुसऱ्या खात्याकडे. रुग्ण मात्र तोच असतो. तो तालुक्यातून इकडे येतो, बरा होऊन तिकडेच परततो.

नांदेडच्या रुग्णालयाचे नाव निघाले की राज्याला ऑक्टोबर २०२३ आठवतो. चोवीस तासांत २४ मृत्यू, त्यांत १२ नवजात बाळे. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधखरेदी आणि रिक्त पदे यांवर राज्यभर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मी ज्या नुकसानीबद्दल लिहिते आहे ते एका दिवसात इतका मोठा आकडा गाठत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही. जखम चिघळते, मुक्काम आठवड्याने लांबतो, पायाचे बोट जाते, मग पाऊल जाते. शेवटी केसपेपरवर सेप्टिसिमिया असा शेरा पडतो. त्या शेऱ्याच्या मागची पाने उलटली, तर कित्येकदा आठ-दहा दिवस तीनशेच्या आसपास रेंगाळलेली साखर सापडते.

माझे म्हणणे एकच आहे. दाखल रुग्णाची साखर आटोक्यात ठेवायला तीन गोष्टी एकाच अर्ध्या तासात जुळाव्या लागतात : एचजीटी, म्हणजे बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर बघितलेली साखर, इन्सुलिनचे इंजेक्शन, आणि जेवणाचे ताट. आपल्या वॉर्डांत या तिन्ही गोष्टी असतात, पण त्यांच्या वेळा तीन वेगवेगळ्या माणसांच्या हातात असतात. त्या जुळवणे हे कोणा एकाचे काम म्हणून कागदावर लिहिलेलेच नाही.

वॉर्डात एक दिवस कसा जातो ते सांगते. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही, कारण हा दोष एका इमारतीचा नाही. साठीची बाई, पायाला जखम, वजन साठ किलो. पहाटे सहाला एचजीटी २८६. केसपेपरवर लिहिले आहे, 'स्लायडिंग स्केलप्रमाणे प्लेन इन्सुलिन'. त्या तक्त्यात दोनशेच्या पुढे चार युनिट, अडीचशेच्या पुढे सहा, तीनशेच्या पुढे दहा. सिस्टर सहा युनिट देते. प्लेन इन्सुलिन अर्ध्या तासात काम सुरू करते, दोन ते चार तास त्याचा जोर असतो. नाश्ता येतो साडेआठला. दुपारच्या जेवणाआधी एचजीटी व्हायला हवी, पण बाईंना एक्स-रेला नेलेले असते. परत येतात तेव्हा गावाकडून आलेला डबा उघडला जातो, भाकरी-वरण खाल्ले जाते, इन्सुलिन नाहीच. चार वाजता साखर ३४२, दहा युनिट. रात्री दहाला ३१८, पुन्हा दहा युनिट, आणि त्यानंतर पोटात काही नाही. पहाटे तीनला बाईंना दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, त्या असंबद्ध बोलू लागतात. सोबत आलेल्या सुनेला वाटते, झोपेत बरळतायत. एचजीटी होते ती ५२. साखरपाणी, डेक्स्ट्रोज, धावपळ. सकाळच्या राउंडला घाबरलेला रेसिडेंट लिहितो, 'इन्सुलिन बंद'. दुपारी साखर ३७०.

यात कोणीही कामचुकारपणा केलेला नाही. सिस्टरने लिहिल्याप्रमाणे दिले, डॉक्टरने शिकवल्याप्रमाणे लिहिले, वॉर्डबॉय मामांनी वेळेवर एक्स-रेला नेले, सुनेने प्रेमाने डबा आणला. चुकते ती पद्धत. नुसता स्लायडिंग स्केल म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. साखर चढल्यावर तो धावतो. पुढच्या जेवणाने ती किती चढेल याचा आणि शरीराला जेवणाशिवायही दिवसरात्र लागणाऱ्या इन्सुलिनचा हिशेब त्यात नाही.

हे माझ्या एकटीचे मत नाही. अमेरिकेत २००७ साली १३० दाखल रुग्णांवर दोन पद्धतींची तुलना झाली. नुसत्या स्लायडिंग स्केलवरच्या ३८ टक्के रुग्णांची साखर १४० च्या खाली आली. दिवसभराचे मूळ इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी थोडे इन्सुलिन, ज्याला डॉक्टर बेसल-बोलस म्हणतात, त्या पद्धतीत हेच प्रमाण ६६ टक्के होते. पुढे २०११ मध्ये शस्त्रक्रियेच्या २११ रुग्णांवर तोच अभ्यास झाला, तेव्हा जखमेचा संसर्ग, न्यूमोनिया, किडनी बिघडणे अशा गुंतागुंती २४.३ टक्क्यांवरून ८.६ टक्क्यांवर आल्या. त्यासाठी नवे यंत्र किंवा नवा विभाग लागला नव्हता. फक्त इन्सुलिनचा प्रकार, ते देण्याची पद्धत आणि वेळ बदलली होती.

हिशेबही अवघड नाही. साठ किलोच्या त्याच बाईंना किलोमागे ०.४ युनिट धरले तर दिवसाचे २४ युनिट होतात. त्यांतले निम्मे, १२ युनिट, लांब पल्ल्याचे इन्सुलिन एका ठरलेल्या वेळी. उरलेले १२ तीन जेवणांआधी चार-चार. त्यावर एचजीटीप्रमाणे थोडी भर. वय जास्त असेल, किडनी कमजोर असेल, जेवण कमी असेल, तर सुरुवात ०.२ किंवा ०.३ ने. रोजच्या साखरेवरून दुसऱ्या दिवशी डोस बदलायचा, आणि झोपताना मोठा डोस द्यायचा नाही. बाईंनी अर्धेच ताट खाल्ले किंवा त्यांना उपाशी ठेवले, तर जेवणाचा डोस कमी किंवा बंद, पण मूळ इन्सुलिन सुरूच. विशेषतः लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या टाइप १ च्या मुलामुलींचे मूळ इन्सुलिन 'आज उपाशी आहे' म्हणून थांबवले, तर एक-दोन दिवसांत रक्त आम्लधर्मी होऊन जीव धोक्यात येतो. ही चूक वॉर्डात होते, आणि ती अज्ञानापेक्षा काळजीपोटीच जास्त होते.

आपणास कोणी सांगेल, मग साखर अगदी नॉर्मलवर आणू. तेही नको. २००९ साली अतिदक्षता विभागातल्या ६,१०४ रुग्णांवर झालेल्या नाइस-शुगर या मोठ्या अभ्यासात ज्यांची साखर ८१ ते १०८ मध्ये आवळून धरली, त्यांच्यातले २७.५ टक्के तीन महिन्यांत दगावले. ज्यांची १८० पर्यंत राहू दिली त्यांच्यातले २४.९ टक्के. साखर धोकादायक उतरण्याचे प्रकार पहिल्या गटात ६.८ टक्के, दुसऱ्यात ०.५ टक्के. म्हणून बहुतेक दाखल रुग्णांसाठी १४० ते १८० ही पट्टी धरली जाते. साखर वारंवार १८० च्या वर दिसली की इन्सुलिन सुरू करायचे, सत्तरच्या खाली तिला जाऊ द्यायचे नाही. आमच्या पहाटेच्या ५२ आणि दुपारच्या ३७० ला या पट्टीत जागा नाही.

आता हे फक्त मधुमेह्यांचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. अंगात जंतुसंसर्ग असला, मोठे ऑपरेशन झाले, भाजले, अपघात झाला, की शरीर अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडते आणि आधी कधीही साखर नसलेल्या माणसाचीही साखर वाढते. दाखल करताना एचबीए१सी ही एक तपासणी केली, तर गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी समजते, ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह आधीपासूनचा. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, असे आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसले. त्यांतल्या अनेकांना आपल्याला मधुमेह आहे हे रुग्णालयात पाय ठेवल्यावरच कळते. ऊस तोडताना, कापूस वेचताना पायाला काही टोचते, पाय बधिर असल्याने दुखत नाही, पंधरा दिवसांनी वास येऊ लागतो. अशी माणसे किनवट-माहूरहून शंभरावर किलोमीटर येतात. लातूरकडे उदगीर, देवणी, औराद शहाजानीहून, आणि बिदरहूनही.

साखरेकडे दुर्लक्ष केल्याची किंमत आपण २०२१ च्या उन्हाळ्यात मोजली आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत स्टिरॉइडने असंख्य जीव वाचवले. पण ती साखर चढवतात, आणि कित्येक ठिकाणी स्टिरॉइड सुरू झाले, एचजीटी सुरू झालीच नाही. मग काळी बुरशी आली. म्युकरमायकोसिस. डोळे काढावे लागले, वरचे जबडे काढावे लागले, अॅम्फोटेरिसिन बी साठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांत वणवण फिरले. मे २०२१ मध्ये केंद्राला हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवण्यास राज्यांना सांगावे लागले. बुरशीचे बीज हवेत नेहमीच असते. अनियंत्रित साखर आणि जादा स्टिरॉइड मिळाले की तिला वाट मोकळी होते.

त्या अनुभवातून एक साधा धडा घ्यायला हवा होता. सकाळी स्टिरॉइड दिले की साखर दुपारनंतर आणि संध्याकाळी चढते. उपाशीपोटीची एचजीटी बरेचदा चांगली येते. फक्त सकाळची साखर बघणाऱ्या वॉर्डाला हा रुग्ण ठणठणीत वाटतो. दम्याचा, ल्युपसचा, किडनीचा स्टिरॉइडवर असलेला प्रत्येक रुग्ण आजही याच फटीतून निसटतो. संध्याकाळच्या एका एचजीटीने ही फट बुजते.

वॉर्डातल्या आणखी काही गोष्टी मंत्रालयापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून लिहिते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बहुतेक कुप्यांत मिलीला ४० युनिट असतात आणि पेनच्या काडतुसांत १०० युनिट. लाल टोपणाची सिरिंज ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. ४० च्या कुपीतून केशरी सिरिंजने दहाच्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाला चारच युनिट मिळतात. १०० च्या काडतुसातून लाल सिरिंजने तेवढेच भरले, तर पंचवीस. भांडारातून एका महिन्यात एक सिरिंज आणि दुसऱ्या महिन्यात दुसरी आली, की घाईच्या वेळी ही चूक कोणाच्याही हातून होऊ शकते. केसपेपरवर 'युनिट' ऐवजी नुसते इंग्रजी यू अक्षर लिहिले, तर ते घाईत शून्य वाचले जाते आणि चारचे चाळीस होतात.

एचजीटीही नुसती टोचून होत नाही. ज्या हाताला डेक्स्ट्रोजची सलाइन चालू आहे त्याच हाताच्या बोटाची साखर खोटी जास्त येते. केळे सोलून खाल्लेल्या बोटाचीही येते. हात धुऊन मगच टोचावे लागते. पट्ट्यांचा डबा उघडा राहिला तर आकड्यावर विसंबता येत नाही. आणि नांदेड-लातूरचा मे महिना आपणास ठाऊक आहे. वापरात काढलेली इन्सुलिनची कुपी चार आठवडे चालते, पण चाळिशीच्या पुढच्या उन्हात खिडकीत ठेवलेली नव्हे. फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलेले इन्सुलिनही टाकूनच द्यावे लागते. कुपी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहिण्याची सवय मी माझ्या वॉर्डात लावली होती. तेवढ्याने जुन्या कुप्या वापरात राहणे थांबले.

साखर उतरल्यावर पहिली पंधरा मिनिटे कोण काय करते यावर सगळे ठरते. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा एचजीटी. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही न घालता शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज. हे करायला सिस्टरला डॉक्टरची वाट बघावी लागू नये. रात्री रेसिडेंट कॅज्युअल्टीत अडकलेला असतो आणि वॉर्डभर एकच सिस्टर असते. तिच्या हातात लेखी अधिकार हवा आणि कपाटात डेक्स्ट्रोजची बाटली हवी. नातेवाइकांनाही ही लक्षणे त्यांच्या बोलीत सांगायला हवीत. आमच्या वॉर्डात मराठीबरोबर दखनी, तेलुगू, बंजारा बोली, आणि लातूरकडे कन्नडही कानावर पडते. घाम, थरथर, भडकलेली भूक, डोळ्यांपुढे अंधारी, बडबड : एवढे पाच शब्द चित्रांसह प्रत्येक खाटेशी लावता येतील.

शेवटचा दुवा सुट्टीचा. इथे रुग्णाला एका प्रकारचे इन्सुलिन सुरू होते, चिठ्ठी देऊन त्याला घरी पाठवतात. तालुक्याच्या रुग्णालयात तेच मिळेल याची खात्री नसते. तिथे दुसरे मिळते, डोस तोच राहतो, किंवा बाहेरून आणा म्हटल्यावर तो गोळ्यांवर परततो. इन्सुलिन गरिबांना मिळावे म्हणूनच बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी १९२३ मध्ये आपले पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले होते. आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत साधे इन्सुलिन पूर्वीपासून आहे आणि २०२२ पासून ग्लार्जिन हे लांब पल्ल्याचे इन्सुलिनही आहे. यादीतले औषध तालुक्याच्या कपाटात दिसायला हवे, आणि ते दोन्ही खात्यांनी एकाच नावाने मागवायला हवे.

म्हणून आपल्याकडे पुढील मागण्या करते आहे :

१. नांदेड व लातूरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाची पहिल्या दिवशी एचजीटी व्हावी. १८० च्या वर असेल किंवा स्टिरॉइड सुरू असेल, तर रोज जेवणांआधी आणि झोपताना, अशी चार वेळा.

२. इन्सुलिनसाठी वेगळा, एका पानाचा, मराठीतला छापील तक्ता असावा. साखर, डोस, दिल्याची वेळ आणि जेवणाची वेळ एकाच ओळीत. वजनावरून सुरुवातीचा डोस आणि १४० ते १८० ही पट्टी त्यावर छापलेली असावी. जेवून-खाऊन असलेल्या रुग्णाला नुसत्या स्लायडिंग स्केलवर ठेवणे बंद व्हावे.

३. ताट वॉर्डात येण्याची वेळ ठरवून ती सिस्टरला कळवण्याची जबाबदारी स्वयंपाकघरावर असावी. मधुमेही रुग्णाला तपासणीसाठी जेवणाच्या वेळेत नेऊ नये. न्यावेच लागले तर आधी सिस्टरला विचारावे.

४. साखर सत्तरच्या खाली उतरल्यास डॉक्टरची वाट न बघता उपचार सुरू करण्याचा लेखी अधिकार परिचारिकेला मिळावा, आणि अशा प्रत्येक घटनेची दरमहा नोंद व्हावी. ही नोंद शिक्षेसाठी नसून सुधारणेसाठी आहे, हे आदेशातच लिहावे.

५. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि एकाच मापाच्या सिरिंज वर्षभर अखंड मिळाव्यात. साध्या इन्सुलिनची दहा मिलीची कुपी ४०० युनिटांची असते. दिवसाला २४ युनिट धरले तर ती दोन आठवड्यांहून जास्त पुरते. पाय कापल्यानंतरच्या एका रुग्णाच्या मुक्कामावर सरकार याच्या कितीतरी पट खर्च करते.

६. सुट्टी देताना रुग्णाला आणि घरातल्या एका माणसाला इन्सुलिन टोचायला सिस्टरने प्रत्यक्ष शिकवावे, आणि सुट्टीच्या कागदाची प्रत त्याच्या तालुक्याच्या रुग्णालयाला जावी.

यांतल्या एकाही मागणीसाठी नवी इमारत लागत नाही. परिचारिकांची रिक्त पदे भरावी लागतील, हे मात्र स्पष्ट सांगते. चाळीस खाटांच्या वॉर्डात एकटी सिस्टर दिवसाला चार वेळा एचजीटी, इन्सुलिन, जखमा, सलाइन आणि नोंदी एका वेळी करू शकत नाही.

राज्याने नवे काम नांदेडपासून सुरू केल्याचे उदाहरण आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, जी आज महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते, सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होते. लातूरने वेळापत्रक आणि सराव यांच्या बळावर परीक्षेच्या तयारीचा आपला 'लातूर पॅटर्न' राज्याला शिकवला आहे. या दोन जिल्ह्यांतली वैद्यकीय महाविद्यालये दरवर्षी डॉक्टर आणि परिचारिका घडवतात. इथल्या वॉर्डात जी पद्धत ते शिकतील, तीच ते गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत नेतील.

म्हणून आपण दोघांच्या सहीचा एकच आदेश काढावा आणि तो या दोन जिल्ह्यांपासून लागू करावा. एक वर्ष नोंदी ठेवाव्यात. किती रुग्णांची साखर पट्टीत राहिली, किती वेळा उतरली, किती पाय वाचले, हे आकडे जनतेसमोर मांडावेत. आकडे चांगले आले तर राज्यभर पद्धत न्या. वाईट आले तर कुठे चुकले ते शोधा, पण आकडे ठेवा. रात्री दोनदा आणि पहाटे एकदा बोटाला टोचून घेणाऱ्या आमच्या रुग्णांना त्या प्रत्येक टोचणीचा उपयोग व्हायला हवा, आणि तो करून देणे आपल्या हातात आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका,
नांदेड